डिकीतला डबा आणि ऋतूचा कान

२२ जून, रविवार

आज पुन्हा तेच. मेहरूण तलावाला चक्कर मारून परत येताना ऋतूने कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं आणि गाल दाराला टेकवला. दारातल्या स्पीकरपाशी. गाणं चालू होतं, तिचा पाय बरोबर ठेक्यात. मनी म्हणाली, "बघा बघा, तुमची लेक." मी बघतच होतो. समोरचा रिक्षावाला थोडक्यात वाचला.

दहा वर्षांची झाली पोर. डावा कान जन्मापासून बंद. उजव्यात थोडंसं काहीतरी आहे, त्याच्यावर मशीन. बोलणं ती ओठांवरून जास्त समजते, कानाने कमी. पण ढोल कळतो. ट्रक कळतो. वरच्यांनी दार आपटलं की मान वर करते.

कंपनीच्या स्टिरिओत धमक नाही. दाराला गाल लावून किती मिळणार तिला? डिकीत वूफर बसवायचं डोक्यात घुसलंय. माझ्या डोक्यात घुसलं की निघत नाही, हे मनीला लग्नापासून माहीत आहे. म्हणून तिला अजून सांगितलेलं नाही.

२५ जून, बुधवार

ठिबकच्या नळ्यांचा माल टाकून येताना राजूभाऊच्या दुकानात गेलो. सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत गाडीचं सगळं करतो. वूफर म्हटल्याबरोबर: "आधी तो कंपनीचा स्टिरिओ काढून फेका साहेब. मोठा अँड्रॉइड टाकू." म्हटलं, स्टिरिओ राहणार. वॉरंटी आहे, स्टिअरिंगवरची बटणं त्याच्यावर चालतात, रिव्हर्सचा कॅमेरा त्याच्यावर दिसतो.

खरं कारण सांगितलं नाही. त्या स्क्रीनवर आवाजाचा आकडा येतो. ऋतूला आवाजाचा अंदाज नाही, आकड्याचा आहे. गाडी घेतली तेव्हाच आम्ही बापलेकीने ठरवलं होतं, चौदाच्या वर जायचं नाही. पोर इमानाने पाळते. चौदावर आलं की स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवते. नवा स्टिरिओ, नवे आकडे, मग मला कशाचाच भरवसा राहणार नाही.

राजूभाऊ म्हणाला, होतं. मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज घ्यायचा, मध्ये एक छोटी डबी, मग अँप, मग दोन वूफरचा डबा डिकीत. "स्टिरिओला पत्तासुद्धा लागणार नाही." घरी येईपर्यंत हेच डोक्यात. पत्ता लागायला हवा ना कुणाला तरी.

२६ जून

मनीला सांगितलं. बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग, "धुळ्याच्या मॅडमना विचारलं?"

म्हटलं, वूफर आहे, औषध नाही.

"तरी विचारा."

धुळ्याच्या मॅडम म्हणजे ऋतूचं मशीन लावणाऱ्या, ती पाळण्यात होती तेव्हापासूनच्या. आम्ही जळगावला आलो तरी कान त्यांच्याकडेच. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला नाही. उचलला असता तर नको म्हणाल्या असत्या, याची धास्ती.

२९ जून, रविवार

बसवला.

सकाळपासून राजूभाऊकडे. पट्ट्या उचकटल्या, सीट काढल्या. बॅटरीपासून डिकीपर्यंत बोटाएवढी जाड लाल वायर. बघवेना. फ्यूज टाकला का, पत्र्याला घासणार नाही ना, पाणी शिरलं तर, आग लागली तर. शेवटी राजूभाऊ म्हणाला, "साहेब, तुम्ही चहा घेऊन या." चहा घेऊन आलो. "आता नाश्ता पण करून या."

गिअरपाशी एक लहान गोल बटण बसवलंय, बास कमीजास्त करायचं.

दुपारी घरी जाऊन ऋतूला घेऊन आलो. मागच्या सीटवर बसली, पाठ टेकून. पहिला ठोका पडला आणि तिने पोटावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. "पप्पा, आत आलं." तिच्या त्या गोल, जड शब्दांत. राजूभाऊ पाठ फिरवून उगाच वायरीचे तुकडे गोळा करायला लागला. मला रडू आलं, लपवलं नाही.

आकडा बघितला. चौदा. ठीक.

३० जून

एरंडोलच्या अलीकडे जळका वास. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, डिकी उघडली, खाली वाकून बघितलं. वास पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा होता. ट्रकवाला खाली उतरून मलाच विचारतोय, काय झालं? काही नाही म्हटलं.

५ जुलै, शनिवार

मी येईपर्यंत ऋतू जिन्यात बसलेली असते. कपडे बदलायची सोय नाही, सरळ गाडीत. पहिल्या ठोक्यावरून गाणं ओळखायला लागलीय. नाव सांगते आणि मनीकडे बघते, बरोबर ना? बरोबर असतं. मनीला अजून हे पटलंय असं ती कबूल करत नाही, पण चक्कर मारायला जायचं म्हटलं की चपला तिच्याच आधी पायात असतात.

इतकं छान चाललंय की भीती वाटते. माझं असंच आहे. आनंद झाला की मी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायला जातो.

१३ जुलै, रविवार

गाडीत ती मशीन काढून ठेवते. ठोका पडला की मशीन खरखरतं म्हणे.

तलावावर तिला मागून हाक मारली. वळली नाही. मग दिसलं, मशीन तर मनीच्या पर्समध्ये.

संध्याकाळी मशीन लावलेलं असताना मुद्दाम स्वयंपाकघरातून हाक मारली. वळली, पण दुसऱ्या हाकेला. आधी पहिल्या हाकेला वळायची का? आठवेना. मशीन असलं की मागून मारलेली हाक तिला कळते, एवढं नक्की. पण पहिली की दुसरी? मनीला विचारावं तर तिलाही तीच भीती लागायची. नाही विचारलं.

१९ जुलै, शनिवार

धुळ्याच्या मॅडमचाच फोन. वर्षाची तपासणी राहिलीय म्हणून. बोलता बोलता वूफरचं सांगून टाकलं.

मग म्हणाल्या, "तिच्या उजव्या कानात जे शिल्लक आहे ना, ते खालच्या सुरांचंच आहे. ढोलासारख्या. तेवढ्याच आधारावर मशीन चालतंय. ते गेलं तर मशीन लावून उपयोग नाही."

म्हटलं, आम्ही चौदाच्या वर जात नाही मॅडम.

"चौदा म्हणजे किती?"

चौदा म्हणजे चौदा, एवढंच मला माहीत.

२० जुलै

दुकान उघडायच्या आधीच राजूभाऊच्या शटरसमोर. म्हटलं, पूर्वीचा चौदा आणि आताचा चौदा एकच ना?

हसला. "एक कसा असेल साहेब? कंपनीचा स्टिरिओ लबाड असतो. आवाज वाढवला की बास गुपचूप कापतो, स्वतःचे स्पीकर वाचवायला. मी डबीतून ते सगळं भरून काढलंय. आता तुम्हाला चौदालाच फुल बास. पूर्वी शेवटपर्यंत फिरवून पण एवढा मिळाला नसता."

खूशखबर सांगावी तसं सांगितलं. मी तिथल्या टायरवर बसलो. पोर रोज स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवत होती आणि मी शाबास म्हणत होतो.

सगळं कमी करून घेतलं. गोल बटण शून्यावर. संध्याकाळी ऋतू बसली, पाठ टेकवली, वाट बघितली. सीटवर थाप मारून बघितली. "बिघडलं?" हो म्हणालो. खोटं बोललो.

२७ जुलै, रविवार

बटण शून्यावर नव्हतं. मी फिरवलेलं नाही, मनीने नाही. ऋतू खिडकीबाहेर बघत बसली होती, इतकी साळसूद की हसू यावं. आलं नाही.

पुन्हा शून्यावर आणलं. बटण उपटून टाकावं असं मनात आलं. तिच्यादेखत उपटवेना.

३ ऑगस्ट, रविवार. गावी

कानबाई, आमची श्रावणातली देवी, बसली. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात सगळी भावकी जमलीय, पुण्या-सुरतेहून सुद्धा. नैवेद्याच्या रोटांसाठी दळण झालं, नारळाला नथ, डोळे, साडी. आबांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, दिवा लावला. ऋतू कानबाईसमोरून हलायला तयार नाही.

बापू, माझा चुलत भाऊ, गाडीभोवती फिरून आला. डिकी उघडून डबा बघितला. "भाऊ, कडक शे!" म्हटलं, बंद आहे तो. हात लावू नकोस.

उद्या सकाळी विसर्जन. मिरवणुकीत वाजवायला बेंजो पार्टी ठरवलेली आहे. ऋतूला मशीन काढून मनीजवळ लांब ठेवायचं, मनीला बजावलंय. एवढंच करायचं आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

कसं लिहू.

बेंजोवाले आलेच नाहीत. येणार कसे, खान्देशातल्या गावोगावी आज सकाळीच कानबाई निघतात, एकाच पार्टीने चार गावांचा विडा घेतलेला. मला काहीच माहीत नाही. मी आबांना मोटारसायकलवर घेऊन नदीवर पुढे गेलो होतो, पाट ठेवायची जागा साफ करायला.

नदीवर उभा असताना पायाखाली कळलं. आधी आवाज नाही, पायाखाली. मग वळणावरून माझीच गाडी, हळूहळू, डिकी उघडी. बापू चालवतोय. मागे डोक्यावर कानबाई घेतलेली आमची थोरली वहिनी, बायकांचा घोळका, फुगड्या. आणि डिकीच्या तोंडाशी ऋतू. मशीन नाही. दोन्ही तळवे डब्यावर, हनुवटी डब्यावर, डोळे मिटलेले. घरापासून नदीपर्यंत ती तशीच चालत आली होती.

धावलो. बापूला ओरडलो, त्याला ऐकू जाईना. खिडकीतून हात घातला, गिअरपाशीचं गोल बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, गाडीच बंद केली.

सगळं थांबलं. नाचणारे हात वरच्या वर. कानबाई डोक्यावर घेऊन वहिनी रस्त्यात उभी. आबा मागून लंगडत आले. "माय वाटमा उभी शे, आन् तू वाजा बंद करस?"

म्हटलं, आबा, पोरीचा कान.

बापू उतरला. चेहऱ्यावर खरंच काही कळत नाही असा भाव. "भाऊ, तिले ऐकूच येत नही, मंग बिघडी काय?"

रागच आला नाही त्याचा. कारण हेच. अगदी हेच मी इतके दिवस मनात धरून बसलो होतो, फक्त शब्दांत मांडलं नव्हतं. मशीन काढलंय ना, मग आवाज जाणार कुठे?

वहिनीने तोंडाने गाणं धरलं. बायकांनी उचललं. कानबाई पाण्यात गेली. मनी गर्दीत मागे अडकली होती, ती पोचली तेव्हा सगळं संपलेलं. म्हणाली, "बायकांत नाचत होती हो. पहिल्यांदा. मला वाटलं, गाडीपासून लांबच असेल."

ऋतू माझ्याकडे बघत होती. गाडी का बंद झाली तेवढंच तिला विचारायचं होतं.

५ ऑगस्ट

सकाळी उजव्या कानावर हात. "शिट्टी." कुठे? "इथे. आतमध्ये."

मॅडमना फोन. थांबू नका म्हणाल्या, उद्याच कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि शुक्रवारी तपासणीला माझ्याकडे या. मशीन तोवर लावू नका. त्यांच्या आवाजात घाई होती. एरवी नसते.

६ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टर म्हणाले, पडदा चांगला आहे. आतलं बाहेरून दिसत नाही. गोळ्या सुरू केल्या. गेलेलं ऐकू येणं कधी कधी काही दिवसांत परत येतं, कधी कधी नाही. तिच्या कानाचा जुना आलेख धुळ्याला आहे, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मनी फुटली. एवढे दिवस दाबलेलं सगळं. "मी विचारा म्हटलं होतं. एक फोन. तुम्हाला एक फोन पुन्हा करता आला नाही." मीही ओरडलो, "शुक्रवारी खराब निघालं तर उखडून फेकतो तो डबा! सगळ्या वायरींसकट फेकतो!"

बाजूला बघितलं तर ऋतू दारात. मशीन नाही, म्हणून आम्ही बिनधास्त ओरडत होतो. ओठ दिसतात तिला, हे दहा वर्षांत आम्ही पहिल्यांदा विसरलो.

७ ऑगस्ट

शिट्टी आहे का? "गेली." खरंच? "गेली गेली." दोनदा म्हणाली, तेच मला आवडलं नाही.

दिवसभर कामात लक्ष नाही. एका शेतकऱ्याला भलत्याच मापाच्या नळ्या दिल्या, तो परत घेऊन आला. जेवण जाईना. देवासमोर उभा राहिलो, काय मागावं तेही धड सुचेना. तिचं आहे तेवढं राहू दे, एवढंच.

८ ऑगस्ट, शुक्रवार. धुळे

मॅडमनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, पाठ आमच्याकडे. कानावर हेडफोन. आवाज आला की हात वर करायचा, नाही आला तर नाही. तिला हे सगळं पाठ आहे. मी आणि मनी बाहेर, मॅडमच्या मागे. मला तिच्या दोन वेण्या आणि मॅडमचं बटणावरचं बोट दिसत होतं.

बोट दाबलं. हात वर.

पुन्हा. हात वर.

मनीने माझा दंड धरला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. देवाचं नाव घेतलं. हसलोसुद्धा असेन.

मग हात वर गेला आणि मॅडमचं बोट बटणावर नव्हतं.

मॅडम थांबल्या. दोन्ही हात तपासणीच्या यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले. खोलीत ऋतूने हात वर केला. थोडं थांबून पुन्हा केला. अगदी सरळ, उत्तर येणाऱ्या पोरीसारखा.

मॅडम आत गेल्या, तिला समजावलं. तिने मान डोलावली. बाहेर येऊन पुन्हा सुरू. तेच. कधी बटण दाबल्यावर, कधी न दाबता, आणि मध्ये मध्ये मॅडम आवाज वाढवत होत्या तरी हात खालीच. त्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला, कुणालाच सांगता येईना.

"हिला पास व्हायचंय," मॅडम म्हणाल्या. "आजचा आलेख धरता येणार नाही. गोळ्या चालू ठेवा. मशीन हळूहळू लावायला हरकत नाही. सोमवारी परत आणा."

बरं आहे का, वाईट आहे? मनीने विचारलं. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "सोमवारी."

निघालो. स्टिरिओ बंद. ऋतूने मशीन लावलं होतं, मागे बसली होती. पारोळ्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली, मागे वळलो, ओठ दिसतील असं तिच्याकडे तोंड केलं. का केलंस?

"नापास झाले तर डबा फेकणार. तुम्ही मम्मीला म्हणाला."

नाही फेकणार म्हणालो. हे खरं की खोटं, बोलताना मलाच माहीत नव्हतं.

"मग सोमवारी खरं खरं सांगीन."

पुढचा प्रश्न तोंडापर्यंत आला. आज खरं किती ऐकू आलं? ती माझ्या ओठांकडे बघत वाट बघत होती. मला जमलं नाही. पुढे वळलो, गाडी सुरू केली.

एरंडोल गेलं. मग, रस्त्याकडे बघत, तिला पाठमोराच, ओठ दिसणार नाहीत असा, मोठ्याने म्हणालो, "ऋतू."

मागून काही नाही.

"ऋतू." आणखी मोठ्याने. मनी दचकली. आरशात बघितलं असतं तर तिने मान वर केली की नाही ते कळलं असतं. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही, मी समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटकडे बघत राहिलो.

मनीने मागे वळून बघितलं. बराच वेळ बघत होती. मग पुढे तोंड करून बसली, पदर नीट केला. तिला काय दिसलं ते मी विचारलेलं नाही.